तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवीतली दाढी

मी बॉक्सिंगवर लिहितो-बोलतो हे कळलं की समोरून येणारा प्रश्न ठरलेला असतो, नाव तेवढं बदलतं. 'मेवेदर पॅकियावला घाबरला होता ना?' 'टायसननं लुईसला टाळलं, खरं की नाही?' जुनी जाणकार मंडळी असतील तर डेम्प्सीचं नाव काढतात. सगळ्यांना विचारायचं एकच असतं: इतिहासातला सगळ्यात मोठा पळपुटा चॅम्पियन कोण?

आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण परत परत विचारताय म्हणून सांगतो, आणि सुरुवात स्वतःपासूनच करतो, कारण या बाबतीत मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

कॉलेजच्या वयात मी साठ किलोंत खेळायचो. त्याच गटात एक डावखुरा मुलगा होता. आदल्या वर्षी प्रेक्षकांत बसून मी त्याचा डावा हात पाहिला होता. समोरच्याच्या बरगड्यांखाली ठोसा बसला, आवाज असा काही आलाच नाही. त्या पोराचं तोंड उघडं राहिलं आणि खाली काही पडलंय ते शोधावं तसा तो सावकाश गुडघ्यावर बसला. पुढच्या स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी सरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि म्हणाले, "या वेळी सत्तावन्नमध्ये उतर. जेवण कमी कर." मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढचे पंधरा दिवस दोन-दोन स्वेटर चढवून दोरीवरच्या उड्या मारल्या, रात्री अर्धपोटी झोपलो, घरच्यांवर चिडचिड केली. पण आतून इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच लाज वाटावी. सत्तावन्नमध्ये रौप्यपदक मिळालं. कौतुक झालं. त्या डावखुऱ्याचं नाव कोणीच काढलं नाही.

म्हणजे घाबरलो मी आणि टाळलं सरांनी. तुमच्या प्रश्नात घोडं इथंच पेंड खातं. घाबरणं आणि टाळणं या दोन क्रियापदांचा कर्ता एकच असेल असं तुम्ही धरून चालता.

जॅक डेम्प्सीचंच बघा. 4 जुलै 1919 रोजी टोलेडोमध्ये त्यानं आपल्यापेक्षा कितीतरी उंच आणि जड अशा जेस विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं आणि हेवीवेटचा किताब घेतला. 1923मध्ये अर्जेंटिनाच्या लुई फिर्पोनं त्याला दोरांमधून थेट रिंगबाहेर, पत्रकारांच्या टेबलांवर फेकलं. तो परत आत चढला आणि पुढच्या राउंडमध्ये फिर्पोला झोपवलं. या माणसाला भित्रा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. आणि तरीही सात वर्षं चॅम्पियन असताना तो हॅरी विल्सशी लढला नाही. विल्स कृष्णवर्णीय होता, मोठा होता, आणि न्यूयॉर्कचं बॉक्सिंग कमिशनसुद्धा त्यालाच खरा आव्हानवीर मानत होतं. करार झाले, सह्या झाल्या. 1925च्या करारात विल्सला आगाऊ 50,000 डॉलर मिळालेही, पण डेम्प्सीला कबूल केलेली रक्कम प्रवर्तकांना, म्हणजे लढत भरवणाऱ्यांना, उभी करता आली नाही आणि सगळं बारगळलं. सप्टेंबर 1926मध्ये डेम्प्सी किताब पणाला लावून उतरला तो गोऱ्या जीन टनीसमोर. न्यूयॉर्कमध्ये परवानगी मिळेना म्हणून लढत फिलाडेल्फियाला हलवली. तिथं 1 लाख 20 हजारांवर प्रेक्षक जमले, डेम्प्सी हरला. पुढच्याच महिन्यात सदतिशीचा विल्स जॅक शार्कीकडून हरला आणि विषय संपला.

यात भीती होती, नाही असं नाही. पण ती विल्सच्या ठोशाची होती असं मला वाटत नाही. 1910मध्ये रीनोत कृष्णवर्णीय चॅम्पियन जॅक जॉन्सननं गोऱ्या जिम जेफ्रीजला हरवलं तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या, माणसं मेली. त्या लढतीचा प्रवर्तक होता टेक्स रिकर्ड, आणि डेम्प्सीच्या मोठ्या लढती लावणाराही तोच. किताब पुन्हा कृष्णवर्णीय माणसाकडे गेला तर काय होईल, याचा हिशेब रिंगच्या बाहेर मांडला जात होता. डेम्प्सीनं मात्र किताब मिळताच कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असं जाहीर केलं होतं, तेव्हा त्याला सगळ्यातून मोकळं सोडायलाही मी तयार नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ती फार कमी जण विचारतात. खुद्द जॉन्सनला वर्णाच्या भिंतीमुळे वर्षानुवर्षं वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. तेव्हाचा गोरा चॅम्पियन टॉमी बर्न्स, त्याच्या मागे तो इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असा फिरला. बर्न्सला 30,000 डॉलर मिळाले तेव्हा कुठं 1908च्या डिसेंबरात सिडनीला लढत झाली. जॉन्सन जिंकला. आणि मग? सॅम लँगफर्ड या कृष्णवर्णीय बॉक्सरला त्यानं एकदाही किताबाची संधी दिली नाही. लँगफर्ड जेमतेम साडेपाच फुटांच्या वरचा, आखूड मानेचा, लांब हातांचा. 1906मध्ये दोघं पंधरा राउंड लढले होते, जॉन्सन बराच जड होता आणि गुणांवर जिंकला होता. पुन्हा लढण्यात त्याला राम दिसेना: दोन कृष्णवर्णीयांची लढत बघायला पैसे कोण मोजणार? हिशेब म्हणून चुकीचा नव्हता. बर्न्सनं हाच हिशेब मांडला असता तर जॉन्सनचं काय झालं असतं, हे त्याच्या मनात कधी आलं असेल का, मला नेहमी वाटतं.

ज्यांना सगळे टाळतात त्यांना शेवटी एकमेकांशीच लढावं लागतं. लँगफर्ड आणि विल्स पंधराहून अधिक वेळा एकमेकांसमोर आले. जो जेनेट आणि सॅम मक्वे हे आणखी दोन कृष्णवर्णीय 1909च्या एप्रिलमध्ये पॅरिसला एकोणपन्नास राउंड लढले. सुरुवातीला जेनेट इतक्यांदा खाली पडला की मोजणाऱ्यांचे आकडेही जुळत नाहीत. पन्नासाव्या राउंडची घंटा झाली तेव्हा मक्वे स्टुलावरून उठू शकला नाही. कशासाठी? जगज्जेतेपद पणाला नव्हतंच. यापुढच्या कुठल्याही पळपुटेपणाच्या वादात माझं लक्ष पळणाऱ्याकडे जात नाही, या चौघांकडे जातं. 1944मध्ये एका पत्रकारानं लँगफर्डला शोधून काढलं तेव्हा तो हार्लेममधल्या एका खोलीत, पूर्ण आंधळा, कंगाल होऊन बसला होता. वाचकांनी वर्गणी काढली.

चाळिशीच्या दशकातला चार्ली बर्ली त्याच माळेतला. 1944मध्ये त्यानं आर्ची मूरला दहा राउंडांत अनेकदा खाली पाडून हरवलं, त्या मूरला जो पुढे लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. बर्लीला किताबाची एकही लढत मिळाली नाही. पिट्सबर्गमध्ये कचऱ्याच्या गाडीवर नोकरी करून त्यानं संसार केला.

अलीकडच्या काळात वर्णाची जागा पैशानं आणि टीव्हीनं घेतली, त्यामुळे टाळणं जास्त सभ्य झालं. आता कोणी नाही म्हणत नाही. सगळे हो म्हणतात आणि मग करारातलं एखादं कलम अडतं. मेवेदर-पॅकियाव हे भिजत घोंगडं 2009च्या अखेरीपासूनचं. लढत 13 मार्च 2010ला व्हायची होती. उत्तेजकांसाठीची रक्ततपासणी कधी आणि किती, यावर बोलणी फिसकटली. मेवेदर घाबरला म्हणणारे आणि पॅकियाव काहीतरी लपवतोय म्हणणारे पाच वर्षं भांडत राहिले. 2 मे 2015ला लढत झाली तेव्हा मेवेदर 38 वर्षांचा, पॅकियाव 36चा. मी सगळी कामं सोडून बघायला बसलो, आणि सहाव्या राउंडनंतर चहा करायला उठलो. शिळ्या कढीला ऊत. पण एकट्या अमेरिकेत 46 लाख घरांनी पैसे भरून ती बघितली. थांबण्यानं कोणाचं नुकसान झालं? तुमचं-माझं.

टाळण्याचा रोख भावसुद्धा ठरलेला असतो. 1996मध्ये लेनॉक्स लुईस टायसनचा हक्काचा आव्हानवीर होता. त्याला 40 लाख डॉलर दिले गेले ते लढायचे नाहीत, बाजूला थांबायचे. त्यानं ते घेतले. नंतर टायसननं तो पट्टाच, म्हणजे WBC या संघटनेचं जगज्जेतेपद, सोडून दिलं. दोघं भेटले 2002च्या जूनमध्ये, मेम्फिसला. टायसन पस्तिशी संपवत होता आणि आठव्या राउंडमध्ये आडवा झाला. टाळलं कोणी, टायसननं की पैसे घेणाऱ्या लुईसनं? इथं मी दोघांवरही खुशाल बोट ठेवतो.

याच लुईसची रिडिक बोशी जी लढत झाली आणि जी झाली नाही, त्या दोन्ही मला फार बोलक्या वाटतात. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटच्या अंतिम फेरीत दोघं समोरासमोर आले. ऑलिंपिकमध्ये सोडत निघते, नावं जुळतात, उतरावं लागतं. दुसऱ्या राउंडमध्ये पंचांनी लढत थांबवली, लुईस जिंकला. चार वर्षांनी बो व्यावसायिक जगज्जेता होता, लुईस त्याचा पहिला आव्हानवीर, आणि सोडत काढणारं कोणी नव्हतं. डिसेंबर 1992मध्ये बोनं लंडनला पत्रकारांसमोर आपला WBCचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. हा पट्टा आपण मोजत नाही, असा आव. पुढे दोघं कधीच लढले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते बॉक्सरइतकं कोणाला लागू पडत असेल!

राहता राहिला फ्लॉइड पॅटरसन. पळपुट्यांच्या यादीत त्याचं नाव हमखास असतं, आणि माझा जीव याच माणसात अडकलाय. 1956मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हेवीवेट चॅम्पियन झाला. त्याचा मॅनेजर कस डमाटो. तो प्रतिस्पर्धी असे निवडायचा की लोक हसायचे. 1957मध्ये सिॲटलला पॅटरसनसमोर पीट रॅडमाकर उभा होता. ऑलिंपिक विजेता खरा, पण ती त्याची पहिलीच व्यावसायिक लढत. पहिल्याच लढतीत थेट जगज्जेतेपद! तिकडे सनी लिस्टन एकेकाला लोळवत होता. 1960मध्ये त्यानं झोरा फॉलीला तिसऱ्या राउंडमध्ये उडवलं. लिस्टन तुरुंगात जाऊन आलेला, गुंडांच्या टोळ्यांशी त्याचे संबंध. डमाटोला तेवढं कारण पुरेसं होतं. टोळ्यांशी लागेबांधे असलेल्या प्रवर्तकांविरुद्ध त्याचं जुनं भांडण होतं, ते खोटंही नव्हतं. पण सोयीचं होतंच.

आणि मग पॅटरसननं मॅनेजरचं ऐकलं नाही. लिस्टनला संधी मिळायला हवी, असं त्याचं मत पडलं आणि त्यानं लढत घेतली. 25 सप्टेंबर 1962, शिकागोचं कोमिस्की पार्क. पॅटरसननं जाताना सामानात एक खोटी दाढी आणि मिशी नेली होती. मुद्दाम बनवून घेतलेली. हरलोच तर लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून. जरा विचार करा. ग्लोव्ह्ज, बूट, टॉवेल, आणि त्यांच्याबरोबर ती दाढी. दाढी सामानात आहे हे माहीत असताना तो दोर उचलून आत गेला.

लिस्टननं त्याला 2 मिनिटं 6 सेकंदांत बाद केलं. हेवीवेटचा किताब पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउटनं गमावणारा तो पहिला चॅम्पियन. त्या रात्री दाढी लावून तो मोटारीनं शिकागोबाहेर पडला.

त्या डावखुऱ्या मुलासमोर मी उतरलो असतो तर दोन मिनिटं तरी टिकलो असतो का, हे मला कधी कळणार नाही. पॅटरसनला कळलं होतं. तरी दहा महिन्यांनी, 22 जुलै 1963ला, तो लास वेगासमध्ये लिस्टनसमोर परत उभा राहिला. या वेळी चार सेकंद जास्त टिकला.