पिशवीतलं वेळापत्रक

संध्याकाळी साडेसहाला आमच्या स्वयंपाकघरातून रोज एक प्रश्न येतो. "कोरड्यास काय करायचं गं?" भाकरीबरोबर जे काही खायचं ते कोल्हापुरात कोरड्यास, मग ते कितीही पातळ असो. प्रश्न सासूबाईंचा, म्हणजे आत्तींचा. मी नुकतीच ऑफिसातून आलेली, चप्पल अजून पायातच. मी म्हणते, "करा काहीही." ही 'काहीही' नावाची भाजी मंडईत कुठल्या कोपऱ्यात मिळते, असं आत्ती गेली चौदा वर्षं मला विचारतायत.

म्हणून एका शनिवारी रात्री मुलीच्या वहीचं पान फाडलं, पट्टीनं सात रकाने आखले आणि आठवड्याचा बेत लिहून काढला. सोमवारी अख्खा मसूर, मंगळवारी अंडाकरी, बुधवारी मेथी, गुरुवारी चिकन, असं सगळं. पान चुंबकानं फ्रीजला लावलं आणि जग जिंकल्यासारखी झोपले.

सकाळी आत्तींनी चष्मा लावून ते वाचलं. सोमवार ह्यांचा उपास, आणि उपास सोडायला मसूर कोण करतं? मंगळवार अंबाबाईचा, त्या दिवशी घरात अंडं फुटत नाही. गुरुवार तर माझाच, नरसोबाच्या वाडीला बोललेला, आणि तिथंच मी कोंबडी लिहून बसले होते. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. तसे शुक्रवार-रविवारही रिकामे नाहीत. शुक्रवार पुन्हा अंबाबाईचा, रविवार जोतिबाचा. पण सातही वार देवांना दिले तर मटणाच्या दुकानापुढं रांग कुणी लावायची? आमच्याकडं जोतिबाच्या डोंगराच्या दिशेनं हात जोडून रांगेत उभं राहतात. पेठांना वारांची नावं असलेल्या गावात ताटालाही वार असतात, हे मी चौदा वर्षं इथं जेवून विसरले होते.

रविवारचं मटण म्हणजे तर खरा हिशोब. किलोभर मटण हळद-मीठ घालून शिजवलं की पहिलं पाणी म्हणजे अळणी; त्यातली वाटीभर आधी धाकट्याला, कारण तो ओट्याला टेकून उभाच असतो. त्याच अळणीत खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध घातलं की पांढरा रस्सा. उरलेल्यात चटणी आणि भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण पडलं की तांबडा. फोडी सुक्यात. पाच माणसं, दोन वेळा, आणि रात्री पातेलं घासूनच ठेवायचं, कारण सोमवारी फ्रीजमध्ये मटणाचं भांडं दिसलेलं आत्तींना चालत नाही. शिळा तांबडा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो असं म्हणतात. आमच्या घरात ते ऐकीवच आहे.

रविवारीच लक्ष्मीपुरीचा बाजार. हे मटणाला, आत्ती आणि मी बाजाराला. हातात यादी होती, यादीत मेथी होती. आत्तींनी मेथीची पेंडी उचलली, देठ मोडून बघितला, परत ठेवली. "हायब्रीड हाय." शेजारच्या बाईकडं पोकळा होता, मुळाला माती तशीच, तो घेतला. वांगी घेतली, वरण्याच्या शेंगा निघाल्या होत्या त्या घेतल्या, यादीतली ढबू मिरची बघितलीसुद्धा नाही. मी यादी आधी घडी करून पर्समध्ये टाकली, मग तिच्यात कोथमीर गुंडाळली.

पण घरी येताना पिशवी मी धरली होती, म्हणून कळलं. तळाला बटाटे, कांदे, कोबी. त्यावर दोडका, वांगी. त्यावर शेंगा. अगदी वर पोकळा आणि कोथमीर. चेंगरू नये म्हणून असं भरतात, असं मी समजत होते. ते तर आहेच. पण वरचं ते सोमवारचं, मधलं मंगळवार-बुधवारचं आणि तळातला कोबी शनिवारचा. गुरुवार-शुक्रवारी पिशवी रोडावली की डब्यातली मटकी भिजत पडते, नाहीतर हुलगे. सात रकाने आखायला मला तासभर लागला होता. आत्तींनी ते बाजारात चालता चालता भरले, आणि तेही बाईशी दोन रुपयांवरून भांडत.

शिवाय बरणी आहे. मे महिन्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी, रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी मिरची. ती भरलेली असली की भाजी नसतानाही जेवण होतं. झुणका, नाहीतर नुसती चटणी-तेल आणि दही. आजरा घनसाळ तांदळाचा डबा मात्र वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं हे मी आत्तींना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिजताना चार घरात वास जातोय, तेवढं पुरं नव्हतं व्हय?"

बेताचं पान मी फाडलं नाही. ते फ्रीजवर आहे. सोमवारच्या रकान्यात आत्तींनी दुधाचा हिशोब लिहायला सुरुवात केलीय, मंगळवारी गॅस सिलिंडर कधी लावला त्याची तारीख आहे. काल बघितलं तर रविवारचा रकाना कुणीतरी पेन्सिलीनं गिरवला होता, अक्षरं वाकडीतिकडी, शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेलेला: 'अळणी. दोन वाट्या.'