बारा मोटांची विहीर, नोंद सहावी : लॅपटॉपची निवड

साताऱ्याजवळच्या लिंब गावातील १८व्या शतकातील बारा मोटांच्या विहिरीवर आधारलेल्या माझ्या छोट्या खेळाचे काम गेले दोन महिने जवळजवळ ठप्प होते. जिन्याच्या कमानींचे मॉडेल पूर्ण झाले होते आणि छायाचित्रांवरून तयार केलेल्या काळ्या दगडाच्या पोतांचा संचही हाताशी होता; परंतु हे सर्व एकत्र आणून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट (म्हणजे एक अंतिम चित्र) रेंडर करू गेल्यास मेमरी संपल्याची सूचना येत होती. सहा वर्षे इमानाने साथ दिलेल्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डात ४ जीबी मेमरी होती, तेव्हा नवा घ्यायचा हे नक्की झाले. कोणता घ्यावा, हे मात्र दुकानात जाऊन ठरवण्यापेक्षा आपले काम नेमके कुठे अडते हे आधी मोजावे असे वाटले.

मोजणी पोतांपासून सुरू केली. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल आकाराचे एक रंगीत टेक्स्चर (म्हणजे पोताचे चित्र), प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, मेमरीत ६४ एमबी जागा घेते. डिस्कवर त्याची फाइल किती लहान आहे याच्याशी सायकल्सला, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर करणाऱ्या भागाला, देणेघेणे नसते, कारण रेंडरच्या वेळी ते पूर्ण उलगडलेलेच लागते. माझ्याकडे दगडांचे १४ गट आहेत आणि प्रत्येकाला रंगाचा एक व उंचसखलपणाचा एक असे दोन नकाशे आहेत; म्हणजे २८ टेक्स्चर, सुमारे पावणेदोन जीबी. एवढे जुन्या कार्डात बसायला हवे होते. ते बसत नव्हते, कारण उत्साहाच्या भरात मी सर्व टेक्स्चर ८१९२ आकारात साठवली होती. बाजू दुप्पट झाली की जागा चौपट होते, त्यामुळे एकेक टेक्स्चर २५६ एमबीचे आणि एकूण ७ जीबी झाले होते. खेळात ज्यांच्याजवळ जाताच येत नाही अशा वरच्या भिंतींनाही मी हाच मान दिला होता! जिन्यालगतचे दोन गट सोडून बाकीचे ४०९६ वर आणल्यावर एकूण अडीच जीबी उरले आणि त्याच जुन्या लॅपटॉपने ११ मिनिटांत चौकट पूर्ण केली.

मग नवा लॅपटॉप हवाच कशाला, असा प्रश्न घरातून आला आणि तो रास्त होता. उत्तर अनरियलमध्ये, म्हणजे ज्या इंजिनात मी खेळ बांधतो त्यात, सापडले. मटेरियलमध्ये थोडा बदल केला की शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) पुन्हा कंपाइल होतात आणि त्या वेळी प्रोसेसरचे सर्व कोअर कामाला लागतात. प्रत्येक कामगार-प्रक्रिया आपापली रॅम अडवते. जुन्या यंत्राच्या १६ जीबी रॅममध्ये अनरियल, ब्लेंडर आणि संदर्भचित्रे एकाच वेळी उघडली की विंडोज डिस्कवर उसनवारी सुरू करत असे आणि नंतर माऊसचा बाणसुद्धा अडखळत असे. अनरियलच्या शिफारशीत ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) सांगितलेली आहे, ती माझ्या मोजणीशी जुळली. त्यामुळे ३२ जीबी रॅम, ८ जीबी व्हीरॅम, किमान आठ कोअरचा प्रोसेसर आणि सव्वा लाखाची मर्यादा एवढे ठरवून मी पुणे गाठले.

कोणत्या कंपनीचे कार्ड घ्यावे, याचा निर्णय पोतांनी परस्पर केला होता. छायाचित्रांवरून त्रिमितीय मॉडेल बनवण्यासाठी मी मेशरूम हे सॉफ्टवेअर वापरतो आणि त्यातील सर्वांत जड टप्प्याला कुडा ही एनव्हिडियाची गणनाप्रणाली लागते, म्हणजे एनव्हिडियाचेच कार्ड लागते. ज्यांना केवळ ब्लेंडरमध्ये रेंडर करायचे आहे त्यांच्यावर हे बंधन नाही; सायकल्स एएमडीच्या कार्डांवर आणि मॅकवरही चालते. गोडो या हलक्या इंजिनात द्विमितीय खेळ करणाऱ्यांनी तर ही पुढची सगळी चर्चा सोडून साधा लॅपटॉप घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगला ड्रॉइंग टॅब्लेट घ्यावा.

दुकानात पहिलाच सल्ला मिळाला तो असा, की एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेत ४०६० कार्डापेक्षा ४०७० केव्हाही चांगले, तेव्हा डोळे झाकून मोठा आकडा घ्यावा. लॅपटॉपमधील ४०५० ला ६ जीबी, ४०६० ला ८ जीबी आणि ४०७० लाही ८ जीबीच मेमरी आहे. या मालिकेत १२ जीबी हवी असल्यास थेट ४०८० पर्यंत चढावे लागते आणि तिथे माझी मर्यादा कधीच मागे पडते. ४०७० मध्ये गणना करणारे कोअर ४६०८ आणि ४०६० मध्ये ३०७२ आहेत, हे खरे. पण माझी अडचण मेमरीची होती, तिच्यात या जास्तीच्या पैशांनी एका एमबीचीही भर पडत नव्हती. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये १२ जीबी असते. तिथली परीक्षणे वाचून लॅपटॉप घेणाऱ्यांची त्यामुळे हमखास फसगत होते.

नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वॉट, अर्थात कार्डाला किती वीज वापरू दिली जाते. ४०६० आणि ४०७० ही दोन्ही लॅपटॉप-कार्डे ३५ ते ११५ वॉटपर्यंत कितीही मर्यादेवर बसवण्याची मुभा निर्मात्याला असते, शिवाय प्रोसेसर मोकळा असेल तेव्हा आणखी २५ वॉटपर्यंत वाढ मिळू शकते. म्हणजे एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात, आणि ही संख्या खोक्यावरच्या ठळक अक्षरांत क्वचितच असते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडल्यास कमाल ग्राफिक्स पॉवर दिसते; दुकानात मांडलेल्या यंत्रावर हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

पाहून समाधान झाले नाही म्हणून पेनड्राइव्हवर ब्लेंडरची पोर्टेबल आवृत्ती आणि माझी तीच चौकट नेली होती. दोन दुकानांनी नकार दिला. तिसऱ्या दुकानातील गृहस्थांना विहिरीचे चित्र बघून कुतूहल वाटले आणि त्यांनी दोन यंत्रे तासभर माझ्या स्वाधीन केली. एक सडपातळ, ४०७० असलेले, मर्यादा ६५ वॉट. दुसरे जाडजूड, ४०६० असलेले, मर्यादा ११५ वॉट. सडपातळ यंत्राने पहिली चौकट २ मिनिटे ५ सेकंदांत दिली, पण लागोपाठ तिसऱ्या वेळी त्याला २ मिनिटे ३१ सेकंद लागले. जाड यंत्राने तिन्ही वेळा २ मिनिटे १२ सेकंदांच्या आसपास वेळ घेतला. एकच चौकट रेंडर करून थांबलो असतो, तर मी सडपातळ यंत्र घेऊन बाहेर पडलो असतो. शिवाय दुकानात वातानुकूलन होते आणि माझ्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी पारा ३७ च्या वर असतो. खोली जितकी तापते जवळपास तितकीच चिपही अधिक तापते, हे गृहीत धरून जाड यंत्राकडे माझा कल पक्का झाला. त्याचे वजन सव्वादोन किलो आहे आणि चार्जर म्हणजे निम्मी वीट आहे. लिंबच्या फेरीला मी कॅमेरा नेतो, लॅपटॉप नेत नाही, त्यामुळे हे चालण्यासारखे आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या ७००० मालिकेत (लॅपटॉपसाठीच्या) तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो : ७८४० मधील ४ म्हणजे झेन ४, तर ७७३५ मधील ३ म्हणजे आधीच्या पिढीची झेन ३ प्लस. मला दोन्ही ‘सात हजारवालेच’ म्हणून दाखवले गेले. शेडर कंपाइल करताना हा फरक जाणवतो, म्हणून ७८४० घेतला.

रॅम काही सडपातळ यंत्रांत मदरबोर्डवरच डकवलेली असते आणि मग ती पुढे वाढवता येत नाही. मी घेतलेल्या यंत्रात दोन स्लॉट आहेत. त्यांतील एकात १६ जीबीची पट्टी होती आणि दुसरा रिकामा होता. तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी बसवल्याने ३२ जीबी तर झालीच, शिवाय प्रोसेसर आणि रॅममधील दोन्ही वाहिन्या वापरात आल्या. एसएसडी मात्र ५१२ जीबीचीच आहे आणि ती अपुरी पडणार, हे अनरियल आणि त्याच्या कॅशने (साठवून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलींनी) पहिल्याच आठवड्यात दाखवून दिले.

पडद्याविषयी मी तडजोड केली नाही. स्वस्त यंत्रांच्या माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेले असते; पडदा किती रंग दाखवू शकतो याचे ते एक माप आहे. संगणक आणि वेबवर रूढ असलेल्या एसआरजीबी या रंगमापाच्या ते जेमतेम ६०-६५ टक्के भरते. माझे दृश्य काळा दगड, शेवाळ आणि पाण्यावरची कवडसेवजा उजेडाची तिरीप एवढ्यावर उभे आहे. अशा पडद्यावर शेवाळ राखाडी दिसते आणि मी ते भरपाईसाठी अधिक हिरवे करत बसतो, मग इतरांच्या फोनवर विहीर पोपटी दिसते. हे मागच्या चाचणी आवृत्तीत प्रत्यक्ष घडले आहे. म्हणून १०० टक्के एसआरजीबी ही अट ठेवली. सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणे (१६५ हर्ट्झ) सोबत आले, त्याचे मला फारसे अप्रूप नाही.

बॅटरीवर कार्डाची मर्यादा बरीच खाली येते, तेव्हा वीज गेली की रेंडर थांबवून मी मॉडेलिंगकडे वळतो.

सध्या लॅपटॉपच्या मागच्या बाजूखाली बाटलीची दोन झाकणे ठेवली आहेत आणि कार्डाचे तापमान त्यामुळे ४ अंशांनी उतरले आहे. विहिरीचे दृश्य अनरियलमध्ये उघडते, जिना उतरता येतो. परंतु ल्युमेन, म्हणजे अनरियलची परावर्तित प्रकाश मोजणारी यंत्रणा, चालू केल्यावर वरून येणारा प्रकाश तळाच्या कमानीपर्यंत पोहोचतच नाही, आणि पाण्याजवळ सगळा मिट्ट काळोख होतो. पुढच्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास लिंबला जाऊन प्रत्यक्षात तिथे किती उजेड असतो, हे कॅमेऱ्याच्या मीटरवर पाहून येणार आहे.