आमची वाटचाल: काजळीचा हिशेब

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस टेबलावरचे रेल्वे इंजिनाचे छोटे मॉडेल हातात घेतो आणि विचारतो, "नवंकोरं इंजिन मळवायचे पैसे घेता?" घेतो. २००४ पासून घेतो आहोत आणि त्यातल्या एकाही रुपयाची आम्हाला लाज वाटत नाही. फक्त मळवणे हा शब्द आम्ही मानत नाही. मळ कुणीही लावील. इंजिनाने कोणते काम केले, कुठल्या मार्गावर केले, शेवटचे कधी धुतले गेले, हे सगळे त्याच्या अंगावर वाचता आले तर ते वेदरिंग. एवढे करून ते इंजिन डेपोच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या रुळांच्या मांडणीवर, न अडखळता मुंगीच्या पावलाने चाललेही पाहिजे. आमचा धंदा या दोन्हींचा मिळून आहे.

मी मूळचा भोसरीतल्या एका टूलरूममधला डायमेकर. १९९८ साली कोथरूडला संगम प्रेसजवळ भाऊसाहेब जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले, तेव्हा मुलाला दाखवायला म्हणून गेलो आणि मुलापेक्षा मीच जास्त वेळ काचेला नाक लावून उभा राहिलो. आम्ही राहायला बी. टी. कवडे रस्त्याजवळ. घोरपडीच्या डिझेल शेडमधली इंजिने रात्री घरात ऐकू यायची. त्या दिवशी परत येताना एकच गोष्ट डोक्यात होती: अल्को या अमेरिकन कंपनीच्या घडणीच्या त्या इंजिनांची धडधड मला हातात धरता आली पाहिजे. सहा वर्षे सुट्टीच्या दिवशी हात काळे केले आणि मग नोकरी सोडली.

पहिले शेल, म्हणजे इंजिनाचे वरचे कवच, पितळी पत्र्याचे. खरे डब्ल्यूडीएम-२, म्हणजे अल्कोच्या घडणीचे आपल्याकडचे डिझेल इंजिन, बफर धरून १७.१२ मीटर लांब, म्हणजे एचओला (१:८७ या मापाला) १९७ मिलिमीटर. त्याखाली अमेरिकन अल्कोच्या मॉडेलची चासी (चाके आणि मोटरचा खालचा सांगाडा) घातली, कारण तीन आक्सांची (चाकांच्या आसांची) ती विषम अंतराची बोगी, म्हणजे चाके धरणारी चौकट, दोन्हीकडे सारख्याच घराण्यातली. शेजारी एक काका राहायचे, शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात ते इंजिन ठेवले. चष्मा वर सरकवून त्यांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, "अरे, हिची चाकं लहान आहेत." अमेरिकन चाक ४० इंची, आपले १०९२ मिलिमीटर, म्हणजे ४३ इंची. एचओमध्ये हा फरक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. काकांनी तो नुसत्या नजरेने पकडला. त्याच आठवड्यात मी त्यांना भागीदार व्हा म्हणून विचारले. त्यांनी फंडातले वीस हजार घातले आणि पुढची सतरा वर्षे रोज दुपारी चहानंतर येऊन बसले.

काकांनी मला रंग शिकवला नाही, रंगामागचे कारण शिकवले. छतावर काजळी का? ड्रायव्हरने नॉच (जोराची पायरी) वाढवला की तेल लगेच जास्त जाते, हवा कोंबणाऱ्या टर्बोला मात्र वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ हवा कमी पडते आणि काळा लोट उठतो. म्हणून काजळी धुराड्याभोवती दाट आणि मागे लांब हूडवर (यंत्रावरच्या झाकणावर) विरत गेलेली, सगळ्या छतावर सारखी कधीच नाही. जे इंजिन यार्डात तासन् तास नुसते सुरू उभे राहते, त्याच्या धुराड्याच्या काठावर तेलाची ओल येते. तिथे मॅट नको, चमक हवी. बोगीवरची तपकिरी पूड गंजाची नसते. बिडाचे ब्रेकशू चाकावर घासून जी भुकटी उडते, ती लाल पडून तिथे बसते. पाच हजार लिटरच्या टाकीच्या तोंडाखाली डिझेल सांडून धूळ धरलेले काळे ओघळ, तर वाळूच्या पेट्यांच्या झाकणांखाली फिकट ओघळ. मी उत्साहाने काही तरी जास्तीचे फासले की काका विचारायचे, "हे कुठून आलं?" सांगता आले नाही तर पुसायचे. हा नियम आजही चालू आहे. माझी सून परवा एका बिजागराखालचा सुंदर गंज पुसताना मी पाहिली.

अवजारांबद्दल थोडे. आमचा पहिला कंप्रेसर जुन्या फ्रिजचा. त्याला अग्निशामकाचे रिकामे नळकांडे टाकी म्हणून जोडलेले. आवाज नाही, हवा एकसारखी. एअरब्रश ०.३ मिलिमीटरच्या सुईचा. नवीन मुले ०.१५ची सुई मागतात, तिचा उपयोग आमच्या कामात फार कमी आणि ती तुंबण्यात अर्धा दिवस जातो. ०.३च घ्या आणि हात तयार करा. वेदरिंगची पूड विकत घेण्याआधी गेरू मलमलीतून तीनदा चाळून पाहा. कोळसा खलात घोटून घ्या. समईची काजळी तेलकट असते, ती फक्त धुराड्याच्या काठाला. चाके रंगवताना इंजिन रोलरवर फिरत ठेवा आणि रुळाला टेकणारा भाग मोकळा राहील असे बघा. तिथे वॉर्निशचा पातळ थर जरी बसला तरी वीज उचलली जात नाही, आणि डेपोच्या लेआउटवर हे लगेच उघडे पडते. मेन लाइनवर वेगात निघून जाणारे इंजिन दहा दोष लपवते. पिट लाइनवरून (खालून तपासायला खड्डा असलेल्या रुळावरून) डिझेल भरायच्या जागेपर्यंत दोन फूट सरपटत जाणारे इंजिन एकही लपवत नाही. म्हणून सहाही आक्सांवरून वीज उचलणारे पिकअप, हूडमध्ये बसेल तेवढे शिसे, गिअरमध्ये पूड जाणार नाही असे झाकण. हे सगळे झाल्याशिवाय आमच्याकडे एअरब्रशला हात लागत नाही.

आता २०१२-१३बद्दल. हे लिहू नये असे घरच्यांचे म्हणणे होते. मी लिहिणार आहे.

आमच्याकडे एक मुलगा अडीच वर्षे शिकला. हाताला कसब होते, त्याबद्दल आजही दुमत नाही. काका त्याला स्वतःच्या डब्यातले खाऊ घालायचे. दिवाळीनंतर तो कामावर आला नाही आणि चार महिन्यांनी बाजारात त्याचे डब्ल्यूडीएम-२ आले, रेझिनचे, आमच्या निम्म्या किमतीत. पहिले डिझाइन स्वतःचे असल्याचे तो सगळ्यांना सांगत होता. एका गिऱ्हाईकाने ते शेल आमच्याकडे डीकोडर (इंजिनाला हुकूम पोचवणारी चिप) बसवायला आणले. मी मोजपट्टी लावली: १९५. शेलवरून सिलिकॉनचा साचा काढून रेझिन ओतले की ते आकसते, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. मग मी ते उलटे करून डाव्या बाजूची बॅटरी बॉक्स पाहिली. आमच्या मास्टरवर, म्हणजे मूळ नमुन्यावर, तिथे एका बोल्टचे डोके माझ्या हातून राहून गेले होते आणि ती चूक आम्ही कधी दुरुस्त केली नव्हती. त्याच्या शेलवरही तो बोल्ट नव्हता. काकांनी बोट फिरवून पाहिले आणि त्या दिवशी चहा न घेता घरी गेले.

कॉपी केल्याचे दुःख होतेच. पण त्याहून जास्त लागले ते त्याचे वेदरिंग. एकच तपकिरी पाणी, छतापासून बोगीपर्यंत, प्रत्येक इंजिनावर तेच. घाटातले तेच, यार्डातले तेच. आणि लोक म्हणायचे, "दोन्हीकडचं सारखंच तर दिसतं." त्याची रेझिनची शेले उन्हाळ्यात वाकली तेव्हा लोकांनी दोष आम्हाला दिला, कारण साचा दिसायला आमचाच होता. तो आज या धंद्यात नाही. माफी मात्र कधी आली नाही आणि मला ती अजूनही हवी आहे.

पण आम्ही बुडता बुडता राहिलो ते त्याच्यामुळे नाही, हेही लिहिले पाहिजे. त्याला उत्तर द्यायच्या ईर्षेने मी भाव उतरवला आणि एका व्यापाऱ्याची एकदम चाळीस इंजिनांची ऑर्डर घेतली. काका नको म्हणत होते. दोन पोरे नवी ठेवली, रात्री काम केले. जुलै उजाडला, पुण्यात पंधरा दिवस ऊन नाही, आणि मी हप्ता चुकू नये म्हणून लॅकरचा मॅट कोट मारत राहिलो. कंप्रेसरचा पाणी अडवणारा ट्रॅप गळत होता. तो बदलायला एक दिवस काढला नाही. पावसाळी हवेत लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. दिव्याखाली ते दिसले नाही. व्यापाऱ्याच्या दुकानात उन्हात दिसले. चाळीसपैकी एकतीस इंजिने परत आली, प्रत्येकावर ताक सांडल्यासारखा पांढरा पडदा. काही थिनरच्या हलक्या हाताने सुधारली, बरीचशी खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. पैसे परत केले. माझे छोटे लेथ विकले, ज्यावर पहिली चाके वळवली होती. दोन्ही पोरांना दुसरीकडे लावून दिले. सप्टेंबरमध्ये जागेचे भाडे थकले.

पावसाळ्यात लॅकर मारू नका. मारायचाच असेल तर बंद खोलीत, साठ वॅटचा बल्ब आधी दोन तास लावून आणि ट्रॅप नवा घालून. मला हे कुणी सांगितले असते तर ऐकले असते की नाही, माहीत नाही, पण मी तुम्हाला सांगतो आहे.

त्याच महिन्यात मिरजेहून डॉक्टर आले. आमचे पाचव्या की सहाव्या इंजिनापासूनचे गिऱ्हाईक. लहानपण मिरज जंक्शनजवळ गेलेले, जिथे एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते. दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांनी चौदा फूट बाय दहा फुटांवर डेपो उभारला आहे: चार रुळांची शेड, दोन पिट, वाळूची टाकी, डिझेल भरायची जागा, धुलाईचा कट्टा. गाडी अशी नाहीच. इंजिने येतात, उभी राहतात, जातात. आमची अवस्था त्यांना कुणी तरी सांगितली असावी. त्यांनी ती विषयात आणली नाही. बॅगेतून अकरा कार्डे काढून टेबलावर मांडली, औषधाच्या कंपनीच्या कार्डांच्या पाठीवर लिहिलेली, प्रत्येक इंजिनाला एक. म्हणाले, "दर महिन्याला एक पाठवतो. घाई नाही. भाव तुमचा जुना, कमी केलेला नको."

ती कार्डे मी जपून ठेवली आहेत. एकावर लिहिले आहे, "दौंड यार्ड, शंटिंग. कधी पूर्ण वेग नाही. धूर पुष्कळ, धूळ कमी." दुसऱ्यावर, "सोलापूरकडची मालगाडी. काळ्या रानाची धूळ, राखाडी. गणपतीआधी धुतले, नंतर नाही." तिसऱ्यावर, "कोकण रेल्वेवर महिनाभर उसने. जांभ्याचा चिखल, फक्त खालचा फूटभर." खऱ्या इंजिनावरचा फूटभर म्हणजे आमच्याकडे साडेतीन मिलिमीटर. तो साडेतीन मिलिमीटर करायला काका आणि मी चार दिवस भांडलो. काकांचे म्हणणे, पाऊस सतत असेल तर चिखल वर चढून पुन्हा धुतला जाणार, वरची कड सरळ राहणार नाही, ओघळलेली दिसणार. मी रत्नागिरीला जाऊन प्लॅटफॉर्मवरून पाहून आलो. काका बरोबर होते.

अकरा महिने दर महिन्याला एक इंजिन आले आणि एक गेले. भाडे चुकते झाले. बाराव्या महिन्यात डॉक्टरांच्या ओळखीने सांगली आणि बेळगावहून कामे आली, तीही एकेकच.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३मध्ये ७० झाले, तेव्हा बाहेरची चासी परवडेना. आम्ही आमची चासी करायला लागलो, चाके बरोबर साडेबारा मिलिमीटरची. काकांनी तिचा पहिला नमुना पाहिला, २०२१च्या जानेवारीत. मार्चमध्ये ते गेले. सून आता एअरब्रश चालवते, मी यंत्राचे बघतो. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हापासून अल्कोची मागणी वाढली आहे, कमी झालेली नाही.

गेल्या महिन्यात मिरजेहून बारावे कार्ड आले. अक्षर थोडे हलते आहे. "सेवेतून काढलेले. शेडच्या मागच्या रुळावर दोन पावसाळे उभे. कुणी हात लावलेला नाही." शेलचे काम मी तीनदा केले आणि तीनदा पुसले. पावसाने छतावरची काजळी बाजूंवर कशी उतरत असेल, पट्टे होत असतील की एकजीव करडेपणा येत असेल, हे विचारायला माणूस नाही. शेवटी सून आणि मी उभ्या करून ठेवलेल्या एका इंजिनाजवळ, परवानगी काढून, अर्धा दिवस घालवला. पट्टे असतात, पण बिजागरे आणि रिव्हेट्सच्या खालीच. मधला भाग फिका पडत जातो.

अडचण चाकांची आहे. दोन पावसाळे न हललेल्या इंजिनाची चाके रुळावर टेकतात तिथेही लाल होतात. आम्ही तो भाग कधीच रंगवत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारले की मोटर काढून नुसते उभे ठेवायचे का, मग हवा तसा गंज दाखवता येईल. ते म्हणाले, "मोटर काढू नका. कधी तरी एकदा बाहेर काढीन." म्हणून बाहेरच्या दोन आक्सांची चाके गंजवायची आणि आतल्या चार आक्सांवरून वीज घ्यायची, असे ठरले आहे. इंजिन एकदा हलले की तो गंज निघून जाईल, हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, खऱ्याचाही जातोच की.