तुम्ही विचारलंत म्हणून: नेव्हीचे पैसे मिळतात तरी कसे?

चवथीच्या दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर मावसभावाच्या मुलाने मला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीखाली गाठलं. फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "आत्ये, ड्रोनची कंपनी काढतो. आर्मी-नेव्हीकडे पैसे पोत्याने पडलेत म्हणे. तुला कसे मिळाले तेवढं सांग." हेच गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला शेजारचा शेडवाला विचारतो, बँकेचा मॅनेजर विचारतो, आणि मेलवर विचारणारे तर मोजायचं मी सोडून दिलंय. म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी आमचा धंदा सांगते. जहाजाचा पत्रा गंजू नये म्हणून बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. पत्र्याऐवजी जस्त झिजतं. ते किती झिजलं हे पाण्यात बुडी मारणारा माणूस न उतरवता सांगणारं यंत्र आम्ही अकरा माणसं बनवतो. पहिली गिऱ्हाइकं खनिजाच्या बार्जवाली. २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खाणी थांबल्या, बार्ज नदीत नांगरून पडल्या आणि आमचा फोन वाजायचा बंद झाला. त्याच एप्रिलमध्ये चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोत 'आयडेक्स' ही स्टार्टअपसाठीची योजना जाहीर झाली. देशभक्ती वगैरे नंतर. आम्हाला पगार द्यायचे होते.

आता पोत्यांबद्दल. २०२५-२६चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं होतं, हे खरं. पण त्यात पगार होते, डिझेल होतं, दुरुस्ती होती, आणि १.६० लाख कोटी तर निव्वळ पेन्शन. नवीन सामग्रीसाठीचा भांडवली भाग १.८० लाख कोटी. त्यातलाही मोठा हिस्सा आधी सही झालेल्या करारांच्या हप्त्यांना बांधलेला असतो. विमानं, जहाजं एका वर्षात येत नाहीत, त्यांचे हप्ते वर्षानुवर्षं चालतात. उरलेल्यात नवी खरेदी. आधुनिकीकरणाच्या रकमेपैकी तीन चतुर्थांश देशी उद्योगांसाठी राखलेत असं वाचून पोरं खूश होतात, पण देशी म्हणजे एचएएल, बीईएल, माझगाव डॉक या सरकारी कंपन्या आणि मोठ्या खासगी कंपन्यासुद्धा. आयडेक्सची त्या वर्षाची तरतूद होती ४४९.६२ कोटी. भांडवली बजेटशेजारी ठेवून पाहा: शंभर रुपयांच्या नोटेशेजारी चार आणे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. वस्तू बनवायला मिळणारा पैसा वेगळा आणि वस्तू विकत घ्यायला येणारा पैसा वेगळा. दोघांची कार्यालयं वेगळी, फायली वेगळ्या, माणसंही वेगळी.

पहिला त्या मानाने सोपा. सेना, नौदल, हवाई दल आपली अडचण 'चॅलेंज' म्हणून मांडतात, तुम्ही अर्ज करता, समितीपुढे उभं राहता. निवड झाली तर साधारण चॅलेंजमध्ये दीड कोटीपर्यंत अनुदान. आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटींपर्यंत, आणि २०२४पासूनच्या 'अदिती'मध्ये पंचवीसपर्यंत. पण साधारणपणे जेवढं सरकार घालणार तेवढंच तुम्हीही घालायचं, आणि सरकारचा वाटा टप्प्याटप्प्याने, काम दाखवल्यावर. पेपरात 'दीड कोटी मिळाले' छापून येतं तेव्हा त्या कंपनीच्या मालकाने दुसऱ्या दीड कोटीसाठी काय गहाण टाकलंय हे छापून येत नाही. आमच्या घरी फोंड्याचा फ्लॅट होता. (अजून आहे. कागद बँकेत.)

या वाटेचा खरा फायदा अनुदान नव्हेच. सरकारी खरेदीत एरवी सगळं एल-वनवर अडतं, म्हणजे सगळ्यांत स्वस्त कोण. चॅलेंजमधून नमुना उतरवलात तर पुढची आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारं पत्र, तो उतरवणाऱ्यांनाच जाते, गावभरच्या ट्रेडरशी दरावर भांडावं लागत नाही. तीन वर्षं घाम गाळलेल्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याने एल-वनमध्ये मार खाल्लाय त्यालाच कळेल.

दुसरा पैसा, ऑर्डरचा. इथे सगळे फसतात, कारण तुमचं यंत्र पाहून खूश होणारा अधिकारी ते विकत घेऊ शकत नाही. तो फक्त म्हणू शकतो की हे आम्हाला हवंय. मग गरज कागदावर उतरते, तिचे निकष ठरतात आणि 'एओएन' मिळतो, म्हणजे गरज मान्य झाल्याची मोहोर. मोठ्या रकमांची ही मोहोर संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद देते. बातमीत 'अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी' येते ती बहुतेकदा हीच, आणि दुसऱ्या दिवशी शेअर उड्या मारतात. आमच्याकडे देवळात कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली म्हणजे लग्न लागलं असं नव्हे, स्थळ बघायला हरकत नाही एवढंच. एओएन म्हणजे तो कौल. त्याला मुदतही असते. त्यात आरएफपी निघाली नाही तर देवापुढे पुन्हा उभं राहायचं.

पुढे आरएफपी, तांत्रिक छाननी, चाचण्या, मग दराची घासाघीस करणारी समिती, मग वित्तवाल्यांची संमती. चाचण्यांच्या अटीत चार शब्द असतात: 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट'. यंत्र तुमचं, वाहतूक तुमची, माणसं तुमची, हॉटेलचं बिल तुमचं, आणि पास झालात तरी घेऊच असं नाही. आमचा संच एका जहाजावर बसवायचा होता. जहाज बंदरात यायची वाट चार महिने पाहिली. आलं, बसवला, आठवड्यात जहाजाला समुद्रावर जायचा हुकूम. परत आलं तोवर आमच्या फायलीवरचे अधिकारी बदलून गेले. दोन-अडीच वर्षांनी बदली हा त्यांचा नियमच, दोष कुणाला देणार? नवे साहेब सज्जन होते. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "हे यंत्र नेमकं काय करतं?"

त्याआधी प्रयोगशाळेची परीक्षा. लष्करी इलेक्ट्रॉनिक्सला जेएसएस ५५५५५ नावाचं मानक लागतं: उष्णता, थंडी, हादरे, धक्के आणि खारं धुकं. बाकीचं धडाधड पास झालो. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसांचा कनेक्टर मिठात गेला. नवा कनेक्टर, नवी तारीख, नवी फी.

ड्रोनवाल्या पोराला मी म्हटलं, भांडवली खरेदीच्या मागे लागायच्या आधी महसुली बाजू बघ. सुटे भाग, दुरुस्ती, छोटी उपकरणं ही खरेदी कमी पायऱ्यांची असते आणि खालच्या पातळीवर मंजूर होते. नाहीतर मोठ्या कंपनीचा पुरवठादार हो. वास्कोला गोवा शिपयार्डने 'त्रिपुट' आणि 'तवस्या' या फ्रिगेट म्हणजे युद्धनौका २०२४ आणि २०२५मध्ये पाण्यात उतरवल्या; अशा एकेका जहाजात शेकडो पुरवठादारांचा माल जातो. फक्त मोठ्याच्या पाठीवर बसलं की त्याच्याबरोबर पडायचीही तयारी हवी. इथेच बारा माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी जहाजं, बांधायचे होते, कोरियन कंपनीच्या साथीने, सुमारे ३२ हजार कोटींचं काम. वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या आणि २०१८मध्ये ते रद्द झालं. माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरने त्या भरवशावर शेड वाढवली होती. आता तिथे लग्नाच्या मंडपाचं सामान असतं.

नियम सुधारले नाहीत असं नाही. २०१६चा डिफेन्स एक्स्पो केपें तालुक्यात नाकेरी-बेतुलच्या पठारावर भरला होता. जमिनीवरून गावात विरोध होता, तोही बघितला. पर्रीकर संरक्षणमंत्री होते आणि नवी खरेदी नियमावली त्यांनी तिथेच प्रसिद्ध केली. देशात आराखडा, विकास आणि निर्मिती झालेल्या मालाला अग्रक्रम देणारा वर्ग तिच्यात पहिल्यांदा आला. मी पास मिळवून गेले होते, स्टॉलवरची पत्रकं पिशवीभर आणली. तो वर्ग आला नसता तर आमच्यासारख्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, हे मी मानते. पण दारापासून टेबलापर्यंत जायला अजूनही तेवढाच वेळ लागतो, आणि तो वेळ काढायला बार्जवाले, ट्रॉलरवाले लागतात. नेव्ही हे एकच गिऱ्हाईक धरून बसलेल्या कंपन्या मी मिटताना पाहिल्यात.

ओळख लागते का, हे सगळे आवाज उतरवून विचारतात. लागते. अ‍ॅडमिरलची नव्हे. जहाजावरचा जो नौसैनिक तुमचा संच रोज पुसतो आणि आकडे वहीत लिहितो, त्याची. चाचणीच्या अहवालात काय जाणार ते त्या वहीवरून ठरतं.

पोराने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण आत्ये, तुला ऑर्डर मिळाली की नाही?"

मिळाली. सहा संच, अनुदानाच्या पत्रापासून तीन वर्षं दोन महिन्यांनी. जुलैत पोचवले. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. त्या कागदावर अजून सही नाही. साहेब चवथीच्या रजेवर आहेत.