दिवाळीला घेतलेली सीट पाडव्याला बसली

‘युनिव्हर्सल आहे सर, कुठल्याही गाडीला बसतं.’ पुण्यातल्या एका दुकानात वसुबारसेच्या दिवशी, गाडीची नवीन सीट आणि ती बसवायचं ब्रॅकेट घेताना मी हे वाक्य ऐकलं, त्यावर विश्वास ठेवला आणि पैसे भरले. ती सीट माझ्या गाडीत बसली गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. मधले महिने ती आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर होती. राग अजून गेलेला नाही. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितोय. दुसऱ्या कुणाचे तरी एवढे महिने वाचावेत.

गाडी जुनी आहे. दोन दारं, दोनच सीट, हाताचा गिअर, आणि आत बसलं की शेजारच्या रिक्षाचं चाक डोळ्यांच्या पातळीला येतं एवढी बुटकी. सोलापुरात अशी गाडी म्हटली की लोकांना वाटतं, रविवारी झाकण काढायचं, एक चक्कर मारायची आणि परत झाकायची. मी तीच रोज चालवतो. जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी आणि परत, शिवाय महिन्यातून एकदा पुणं. मला दुसरी गाडी नको आहे. पण माझी उंची ५ फूट ११ इंच, आणि कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी पाच वर्षांपूर्वी सरकलेली. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांतच डाव्या पायात कळ यायला लागली. सात रस्त्याच्या सिग्नलला क्लच दाबून थांबलो की जास्तच.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक साधी गोष्ट करायला लावली: गाडीत नेहमीसारखं बसा आणि दार उघडं ठेवून कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटो बघितला आणि मलाच धक्का बसला. बैठक गुडघ्यांच्या बरीच खाली, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊन उलटा बाहेर आलेला, आणि मान पुढे. त्यांनी सांगितलं की १९६० च्या दशकात अल्फ नॅकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी मणक्यांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. आधाराशिवाय बसलेल्या माणसाच्या गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब भरला. पाठ थोडी मागे रेलली आणि कमरेला आधार मिळाला, की तो उतरतो. म्हणजे मला हवी होती ती मऊ सीट नव्हे, कमरेला धरून ठेवणारी सीट.

हे कळायच्या आधी मी एक चूक केली होती. जुन्या सीटचा फोम दाराच्या बाजूने पार बसला होता. मूठ दाबली की खालची पत्र्याची चौकट हाताला लागायची. (तुमच्याही सीटवर आधी हे करून बघा. चढता-उतरताना घासून दाराकडची कड पहिली मरते, आणि मग माणूस तासन् तास एका बाजूला कलून बसतो.) गावातल्याच एका कुशनवाल्याकडून मी त्यात मेमरी फोम भरून घेतला. फेब्रुवारीत तो स्वर्गासारखा वाटला. पण मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो, हा त्याचा गुणधर्मच आहे. मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला असताना, कारखान्याच्या आवारात दिवसभर तापलेल्या गाडीत संध्याकाळी बसलो की तो कणकेसारखा दबायचा आणि मी पुन्हा पत्र्यावर. शिवाय बसलेला माणूस साधारण सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त दाद देतो. सीट चुकीची असेल तर नेमके तेच हादरे ती वाढवून देते. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन आधीच कडक, त्यामुळे हे जास्त जाणवतं. फोमच बदलणार असाल तर चांगल्या घनतेचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की लगेच परत फुगणारा) फोम मागा. तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्ड नको. तो पाटासारखा लागतो.

नवीन सीट निवडणं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. दुकानदार एकसंध कवचाची, पाठ न झुकणारी बकेट सीट गळ्यात मारत होता. दिसायला देखणी. पण शर्यतीची सीट असते शर्यतीच्या पट्ट्यांसाठी आणि शर्यतीच्या वेळेपुरती. एफआयएचं (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) ८८५५-१९९९ लेबल असलेल्या सीटला स्पर्धेत वापरायची मुदतच तयार झाल्यापासून ५ वर्षं. डोक्याजवळचे कान असलेल्या सीटमध्ये बसून बघितलं, तर बाजूने येणारी मोटरसायकल दिसायलाच मान वळवावी लागत होती. आपल्याकडच्या चौकात ते परवडणारं नाही. मी पाठ झुकणारी घेतली. कमरेच्या आधारात हवा भरता येते आणि मांडीखालचा भाग पुढे ओढता येतो. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना गुडघ्यामागची खळगी आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं जागा हवी, एवढं मापून घेतलं. रेकारो या सीट बनवणाऱ्या जर्मन ब्रँडचं नाव रॉयटर आणि कॅरोसरी या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून आलं, मुळात तो स्टुटगार्टचा १९०६ सालचा गाड्यांची बॉडी बनवणारा कारखाना, हे मला त्या दुकानात बसून कळलं. मला इतिहास आवडतो म्हणून लिहिलं.

आता ब्रॅकेट.

सीट आणि गाडीचा फ्लोअर यांच्यामध्ये सीट सरकवणाऱ्या रेल असतात आणि त्यांच्याखाली ब्रॅकेट. सगळे सीटबद्दल बोलतात, ब्रॅकेटबद्दल कुणी बोलत नाही. मीही विचारलं नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही वस्तू आल्या आणि रविवारी सकाळी विजापूर रोडवरच्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने जुनी सीट काढली. चार बोल्ट आणि बकलची एक वायर. दहा मिनिटांचं काम. नवीन ब्रॅकेट ठेवलं, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाला, ‘मालक, हे बसत नाही.’

गाडीच्या फ्लोअरला भोकं चारच, पण चारही एका पातळीत नाहीत. गिअरकडची दोन मधल्या उंचवट्याच्या उतारावर, दाराकडची दोन उंबऱ्यालगतच्या पट्टीवर, आणि पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वर. युनिव्हर्सल ब्रॅकेट सपाट होतं. एक बाजू टेकवली की दुसरी २८ मिलिमीटर उचलायची. वर सीट नुसती ठेवून बसून बघितलं, तर डोकं छताला लागलं. जुन्या सीटवर तीन बोटं जागा राहत होती.

दुकानात फोन केला. ‘वॉशर टाका सर, सगळे टाकतात.’ २८ मिलिमीटरची वॉशरची चळत! मी त्यांना शांतपणे सांगायचा प्रयत्न केला की माझ्या गाडीत पट्ट्याचं बकल सीटलाच लावलेलं आहे. धडक झाली की माझ्या सगळ्या शरीराची ओढ बकलमधून सीटवर, सीटमधून त्या चार बोल्टांवर येणार, आणि चळतीवर उभा असलेला लांब बोल्ट वाकणार. यावर उत्तर आलं, ‘मग फ्लोअरला नवीन भोकं मारून घ्या.’ पातळ पत्र्याला, जिथे खाली मजबुतीची पट्टीच नाही तिथे. मी नाही म्हणालो, मेकॅनिकही नाही म्हणाला. त्याने त्या दिवशी जुनी सीट परत बसवून दिली आणि एक पैसा घेतला नाही.

मग कबूल केलं गेलं की माझ्या गाडीचं खास ब्रॅकेट मिळतं. परदेशातून येतं, तीन आठवडे. तीन आठवड्यांनी, ‘परवा निघतंय.’ मग, ‘निघालंय.’ मग, ‘सर, ट्रान्सपोर्टमध्ये आहे.’ कुठल्या ट्रान्सपोर्टमध्ये, पावती क्रमांक काय, हे विचारलं की फोन दुसऱ्याकडे. मी तारखा डायरीत लिहायला लागलो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वज रस्त्यावर असताना आणि होम मैदानाकडे मुंगी शिरायला जागा नसताना, मी कानात बोट घालून ‘उद्या नक्की’ ऐकत होतो.

जानेवारी सरता सरता खोका आला. वर छापलेलं, ‘ड्रायव्हर साईड’. उघडलं. उतार होता, पायऱ्या होत्या, सगळं माझ्या गाडीसारखं, पण उलटं. ज्या देशात ते ब्रॅकेट बनलं तिथे ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो! गिअरकडचा उतार माझ्या दाराकडे आला होता. दुकानवाल्यांचं म्हणणं, ‘बॉक्सवर ड्रायव्हर लिहिलंय ना सर, मग आमची चूक कशी?’ परत पाठवायचा खर्च कुणी द्यायचा, यावर तीन आठवडे गेले. महाशिवरात्र झाली. भारतात बसून परदेशी सुटा भाग मागवणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे: ‘ड्रायव्हर’ आणि ‘पॅसेंजर’ हे शब्द वापरूच नका. ‘उजवी सीट, स्टिअरिंग उजवीकडे’ असं लिहून द्या आणि उत्तरही लेखी घ्या.

शेवटी मीच बसलो. टॉवेलच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, फ्लोअरवर ठेवून चार भोकांचा साचा कापला, पाणसळ लावून प्रत्येक भोकाची उंची मोजली, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले आणि दुकानाला पाठवले. हे दिवाळीच्या आधी केलं असतं तर युनिव्हर्सलची गोष्ट त्या दुकानातच संपली असती. तिसरं ब्रॅकेट मार्चमध्ये आलं. त्याआधी मी त्यांच्याकडून त्या ब्रॅकेटचा, शेजारी माझ्या साच्याचं प्रिंट ठेवलेला फोटो मागून घेतला होता.

या सगळ्या काळात सीट हॉलमध्ये लाकडी चौकटीवर होती. गाडीत जेवढा कोन येणार तेवढाच ठेवून मी रोज संध्याकाळी तिच्यात बसत होतो, आणि सीटबद्दल खरं ज्ञान मला तिथे मिळालं. पहिली पंधरा मिनिटं कुठलीही बरी सीट छानच वाटते. चाळीस मिनिटांनी ती बोलायला लागते. मी कमरेची हवा पूर्ण भरून बसायचो. चाळीस मिनिटांनी तिथेच ठणका. अर्धी केली आणि फुगा पँटच्या पट्ट्याच्या रेषेवर आणला, तेव्हा जमलं. मांडीचा भाग जास्त पुढे ओढला की क्लचचा पाय जड होतो, हे एक पाट भिंतीला टेकवून त्यावर पाय दाबून कळलं. आई त्यात बसून मटार सोलायची. ती म्हणाली, ‘पाठ चांगली टेकते रे, पण उठताना या कडेवरून मांडी घासते बघ.’ तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी आधी अंग पूर्ण दाराकडे वळवून दोन्ही पाय बाहेर काढतो आणि मग उठतो. कडही वाचते, कंबरही. दुकानात दहा मिनिटांत मला यातलं काहीच कळलं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा अर्धा-पाऊण तास बसू द्या म्हणून हट्ट धरा, आणि मागच्या खिशातलं पाकीट आधी काढा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काम झालं. बॅटरीची वायर काढून, मूळ बकल नवीन सीटवर नीट बसवून, डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा दर्जा कोरलेले बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळून, अर्ध्या तासात. एकही वॉशर जास्तीचा नाही. दार लावलं, चावी फिरवली, पट्ट्याचा दिवा लागला आणि पट्टा लावल्यावर विझला. डोक्यावर चार बोटं जागा! मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मेकॅनिकला पेढे दिले.

एक महत्त्वाचं वर राहून गेलं. माझ्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग नाही, म्हणून मी हा मार्ग धरला. तुमच्या सीटखाली पिवळा प्लग (एअरबॅगच्या वायरचा) दिसला तर तिथेच थांबा. सीट बदलली की बाजूची एअरबॅग गेली. रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझवून देणारे भेटतील. दिवा विझतो, पण एअरबॅग परत येत नाही. अशा गाडीत मूळ सीट तशीच ठेवून फोम आणि कमरेचा आधारच सुधारून घ्या, आणि एअरबॅगची शिवण झाकणारं कव्हर घालू नका. माझ्या गाडीची आसनक्षमता आरसीप्रमाणे दोनच राहिली, तरी मी विमा कंपनीला फोटोसकट ईमेल केला आणि त्यांची पोच जपून ठेवली आहे.

बसायची जुळणी अशी ठेवतो: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला, खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर, पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे, हेडरेस्ट डोक्याच्या माथ्याएवढं. काळं लेदर मी घेतलं नाही, कापडी घेतली. सोलापूरच्या उन्हात याचा पश्चात्ताप होणार नाही.

परवा पुण्याला जाऊन आलो. पूर्वी मोहोळ ओलांडलं की चुळबुळ सुरू व्हायची आणि टेंभुर्णीला उतरावंच लागायचं. या वेळी थेट भिगवणला चहासाठी थांबलो, आणि पायात कळ नव्हती. तरीही एवढा वेळ सलग बसू नका, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं आहे आणि मी ते ऐकणार आहे.

जुनी सीट विकलेली नाही, तुम्हीही विकू नका. उद्या गाडी विकायची झाली तर पहिला प्रश्न तिचाच येतो. चारही मूळ बोल्ट पिशवीत घालून, कुठला कुठचा ते चिठ्ठीवर लिहून सीटला बांधले आहेत. दोन चादरींत गुंडाळून ती माळ्यावर ठेवली आहे, आणि हॉलमध्ये टीव्हीसमोर आता आईची खुर्ची परत आली आहे.