काळी मुखपृष्ठं आणि सोळा पानांचा फर्मा: नाशिकमधला एक पुस्तकी फेरफटका

नाशिकरोड स्टेशनला उतरलं की गाव आलं असं वाटतं, पण शालिमार-एमजी रोड अजून नऊ-दहा किलोमीटर लांब असतो. रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा सिटीलिंकची बस बरी. वाटेत नोट प्रेस लागते. देशाच्या नोटा छापणाऱ्या या गावात आम्ही निघालो होतो ते तीनेकशे प्रतींच्या भयकथा शोधायला.

एमजी रोडवरच्या दुकानात शिरून नुसतं ‘भयकथा आहेत का?’ विचारू नका. समोर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी येतात, आणि त्यात विक्रेत्याची काही चूक नाही. मागणी त्यांनाच आहे. पण धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० मध्ये. त्यानंतरचं, छोट्या प्रकाशकाचं किंवा लेखकाने स्वतः काढलेलं हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि ‘लेखक प्रती ठेवून गेलेत असं काही?’ हेही विचारा. अशी पुस्तकं बहुधा विक्रीनंतर पैसे या बोलीवर येतात. ती गठ्ठ्यात, काउंटरखाली किंवा कवितासंग्रहांच्या मागे पडलेली असतात. दिवाळीनंतर लगेच आलात तर आणखी सोपं, कारण नव्या लेखकांच्या गूढकथा आधी दिवाळी अंकात येतात आणि अंक तेव्हा मांडलेले असतात. अंकाच्या मलपृष्ठाच्या आतली जाहिरातही सोडू नका. संग्रह येणार असल्याची पहिली खबर बऱ्याचदा तिथेच मिळते.

पुस्तक हातात आलं की आधी श्रेयपान. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, १३ आकडी असतो आणि भारतीय पुस्तकाचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. तो सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, त्यामुळे ‘आयएसबीएनचे’ म्हणून वेगळे पैसे लावणाऱ्या, पुस्तक काढून देण्याचं पॅकेज विकणाऱ्यांपासून लेखकांनी चार हात लांब राहावं. आवृत्तीची तारीख बघा. महिन्याभरात ‘तिसरी आवृत्ती’ दिसली तर भारावून जाऊ नका. डिजिटल छपाईत पन्नास-पन्नास प्रतींनाही आवृत्ती म्हणायला कोण अडवतंय?

मग मुखपृष्ठ. भयकथा म्हटली की काळं हे जणू ठरलेलंच, आणि छपाईत सगळ्यात जास्त घोळ काळ्याचाच होतो. एका संग्रहाचं मुखपृष्ठ आम्ही खिडकीपाशी नेऊन पाहिलं. काळा करडा दिसत होता, म्हणजे नुसत्या काळ्या शाईवर भागवलेलं. मोठा काळा भाग गडद हवा तर काळ्याखाली बाकीच्या शाया लागतात. सायन (निळी) ६०, मजेंटा (गुलाबी) ४०, यलो (पिवळी) ४०, काळी १०० टक्के हे मिश्रण चालतं. पण याच काळ्यातून पांढरी अक्षरं काढली की दुसरं दुखणं सुरू. चार शाया केसभर जरी सरकल्या तरी पातळ शिरोरेषा भरून जाते आणि अनुस्वार गायब होतो. या पुस्तकावर लेखकाच्या नावातली वेलांटी अशीच अर्धी बुजली होती. पांढरं अक्षर जाड आणि मोठं ठेवणं हाच उपाय.

मॅट लॅमिनेशन दिसायला देखणं, पण काळ्यावर नखाचा प्रत्येक ओरखडा दाखवतं. त्यातून नाशिकचा पावसाळा. प्लास्टिकचा थर फक्त बाहेरून असतो. आतली कोरी बाजू ओल शोषून फुगते आणि मुखपृष्ठ बाहेर वळतं. ढिगातल्या वरच्या दोन-तीन प्रती सोडून मधली घ्या.

तिथून चालत टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयात. संस्था १८४० ची, नाशिककरांची ‘सावाना’. नव्याच्या शोधात जुन्या वाचनालयात जाण्याचं कारण बांधणी. कित्येक हातांतून गेलेलं पुस्तक अजून एकसंध असेल तर त्याचा कणा पाहा: फर्मे, म्हणजे मोठा कागद घडी घालून केलेले पानांचे जुडगे, शिवलेले दिसतील. आजची छोटी पुस्तकं शिवत नाहीत. कण्याकडची कडा खरवडून गरम गोंद लावतात. खरवडणं कमी पडलं किंवा गोंद गार झाला की पानं सुटतात. दुकानात पुस्तक मध्यावर पूर्ण उघडून बघा. कडकन आवाज आला तर ते परत ठेवा, विक्रेता कितीही रागाने बघो.

दुपारनंतर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा छापखाना. त्र्यंबक रोडने रिक्षा जाते, पण आधी फोन करून जा. यंत्र चालू असताना कोणी बोलायला मोकळं नसतं. साधारण तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, त्यापुढे ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून करायच्या छपाईचा, विचार करायचा. पानं सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही: १७६ पानं म्हणजे अकरा फर्मे. कण्याची जाडीही त्यावरूनच निघते. १७६ पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ८८ कागद, म्हणजेच पत्रे. ७० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो या छपाईच्या कागदाचा पत्रा सुमारे ०.०९ मिलिमीटर, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास, वर मुखपृष्ठाचा पुठ्ठा. ऐनवेळी कागद बदलून फुगीर नॅचरल शेड, म्हणजे पिवळसर कागद, घेतला की कणा दीड-दोन मिलिमीटरने वाढतो आणि कण्यावरचं नाव कडेला सरकतं. म्हणून कागद ठरल्यावर छापखान्याकडून कोरी डमी, म्हणजे न छापलेलं नमुना पुस्तक, बांधून घ्यायची, मोजायची, मगच मुखपृष्ठाची अंतिम फाइल करायची.

भयकथेला म्हणून खास अशी एक गोष्ट तिथल्या प्रूफांवर दिसली. उजवं, विषम पान वाचकाला आधीपासून समोर दिसत असतं. धक्का त्या पानावर आला तर डोळा तिकडे आधीच पळतो. तो पान उलटल्यावर, डाव्या सम पानाच्या माथ्यावर यायला हवा. मुद्रितशोधनात चार ओळी कमी झाल्या की सगळं सरकतं, म्हणून शेवटच्या दुरुस्तीनंतर अशी पानं पुन्हा तपासावीच लागतात. पूर्ण काळ्या चित्राचं तसंच. साठ जीएसएमच्या कागदावर ते मागच्या बाजूने दिसतं आणि दारामागे कोण उभं आहे ते वाचकाला पान उलटण्याआधीच कळतं. ऐंशी जीएसएम घ्या.

अक्षरांचा घोळ वेगळाच. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’ मोडतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात. ‘ऱ्य’, ‘र्य’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ शोधून एकेक ठिकाण डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

प्रती हातात पडल्यावरचं एक काम बहुतेक नवे प्रकाशक विसरतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. त्यातलं एक मुंबईत आहे. छापखान्याला ऑर्डर देताना या चार प्रती विक्रीच्या हिशोबातून वेगळ्या धरा, आणि पाठवाल त्या मात्र बिनओरखड्याच्या निवडा.