राइड आणि गड, दोन्हींसाठी एकच सॅक: शोध कुठवर आला

मागच्या नोंदीनंतर सॅकचं काम बरंच पुढे सरकलंय. जुनी ३० लिटरची ट्रेकिंग सॅक बाजूला ठेवली. ग्रुपमधल्यांच्या मागून आणल्या, दुकानातल्या पाठीवर घालून पाहिल्या आणि आता १८ ते २० लिटरवर मत पक्कं झालंय. नवीन मंडळींसाठी गरज पुन्हा सांगते. पुण्यातून पहाटे सायकल काढायची, आतकरवाडी किंवा गुंजवणे असं पायथ्याचं गाव गाठायचं, ओळखीच्या अंगणात सायकल लावायची आणि तीच सॅक घेऊन गडावर जायचं. नुसती राइड किंवा नुसता ट्रेक असेल तर एवढा विचार लागत नाही. दोन्ही एका दिवसात बसवायचं म्हटलं की सॅकचा कस लागतो, कारण सायकलवर पाठ जवळजवळ आडवी असते आणि चढावर उभी.

हलकी सॅक शोधताना सगळे आधी रिकाम्या सॅकचं वजन विचारतात. पाचशे ग्रॅमची आणि नऊशे ग्रॅमची यांतला फरक म्हणजे अर्धा लिटर पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यात मी तीन लिटर पाणी घेऊनच वर चढते, म्हणजे तीन किलो तिथेच झाले. म्हणून मी सुरुवात सॅकपासून न करता सामानापासून केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली आणि जे गडावर जात नाही ते पाठीवरून उतरवलं. ट्यूब, टायर लिव्हर आणि मल्टीटूल सीटखालच्या पिशवीत, पंप फ्रेमवर, रस्त्यात प्यायचं पाणी फ्रेमच्या दोन बाटल्यांत. सगळ्यात मोठी बचत मात्र पेडलमुळे झाली. क्लीटचे बूट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे सायकलचे बूट, कातळावर चालत नाहीत, त्यामुळे ट्रेकिंगच्या बुटांचा दुसरा जोड सॅकमध्ये कोंबावा लागायचा. अशा दिवशी मी आता फ्लॅट पेडल, म्हणजे कुठल्याही बुटाने मारता येणारं साधं सपाट पेडल, लावते आणि घरातून निघतानाच ट्रेकचे बूट घालते. थोडा वेग जातो, पण सॅकमधली जवळपास पाव जागा मोकळी होते. आता पाठीवर उरतं ते पाणी, जर्किन, हेडटॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी, पॉवर बँक, धपाटे, खजूर आणि चिक्की. सगळं मिळून साडेपाच किलोच्या आसपास.

आता मुख्य मुद्दा, पाठीकडची बाजू. इथे दोन घराणी आहेत. एकात ताणलेली जाळी पाठीला टेकते आणि सॅक तिच्यामागे कमानीसारखी दूर राहते. डॉयटर या जर्मन कंपनीने १९८४ मध्ये हा प्रकार बाजारात आणला, आज तो बहुतेक सगळ्यांकडे मिळतो. हवा खेळती राहते, आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ते सुख मोठं आहे. दुसऱ्या घराण्यात फोमच्या पट्ट्या असतात, मध्ये हवेसाठी चर असतो आणि सॅक पाठीला चिकटून बसते.

जुन्या कात्रज घाटात दोन्ही घेऊन गेले. बसून पेडल मारताना जाळीवाली उत्तम वाटली. उभं राहून पेडल मारायला लागले की वजन डावी-उजवीकडे झुलायला लागायचं, कारण ते मणक्यापासून लांब असतं. राजगडाला चोर दरवाजाच्या वाटेवर हेच जास्त जाणवलं. वरच्या टप्प्यात रेलिंग धरून चढायचं, आणि मग तो दरवाजा, जिथे अगदी वाकून आत शिरावं लागतं. जाळीवाल्या सॅकची कमान वरच्या दगडाला घासली आणि बाजूच्या कप्प्यातली बाटली कडेला अडकली. मागे सरकून, बाटली काढून हातात घेऊन मग आत गेले. फोमवाली त्याच जागी न घासता गेली. पाठ ओली झाली, पण वजन कुठे आहे हे प्रत्येक पावलाला कळत होतं. माझा कौल फोमला. ज्यांना चढाई नाही, फक्त लांब राइड आहे, त्यांनी खुशाल जाळीची घ्यावी.

पाठीचं माप घेतल्याशिवाय सॅक घेऊ नका, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक मणका वर येतो. तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांपर्यंत टेप लावायची. हाडांवर दोन्ही हात ठेवले की अंगठे जिथे समोरासमोर येतात, ती खालची खूण. माझी पाठ ४१ सेंटिमीटर भरली. पुरुषांच्या नेहमीच्या मापाच्या सॅक मला सायकलवर त्रास देतात. समोर बघायला मान वर केली की हेल्मेटची मागची कड सॅकच्या टोपणाला टेकते, मग मान खाली ठेवून चालवावं लागतं. हायवेला हे धोक्याचं आहे. दुकानात जाताना हेल्मेट आणि पाण्याच्या भरलेल्या तीन बाटल्या घेऊन जा. बाटल्या सॅकमध्ये भरा, काउंटरवर हँडलसारखे हात टेका, वाका आणि समोरच्या भिंतीकडे बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो. बायकांसाठी वेगळ्या बेतलेल्या सॅकचे खांद्याचे पट्टे जास्त वळणाचे असतात आणि छातीवर रुतत नाहीत, त्या जरूर घालून पाहा.

कमरेचा पट्टा पाच-सहा किलोला साधा, पातळ पुरतो. जाड गादीचा पट्टा वाकल्यावर पोटात रुततो. छातीचा पट्टा मात्र हवाच, आणि तो वर-खाली सरकता असावा. सॅकला लावलेला मागचा लाल दिवा पाठ आडवी झाली की आभाळाकडे बघतो, म्हणून दिवा सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावरच ठेवा.

कापडाबद्दल थोडं. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तसा धागा जाड. सह्याद्रीतला कातळ आणि करवंदीच्या जाळ्या बघता बुडाला जाड कापड हवं, अंगाला २१० डेनिअरचं रिपस्टॉप नायलॉन चालतं. त्यातल्या चौकटीच्या जाड धाग्यांमुळे फाटलं तरी चीर लगेच पसरत नाही. पाणी अडवणारा आतला पॉलियुरेथेनचा थर ही आपल्याकडची खरी अडचण. दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो, आधी चिकट लागतो, कुबट वास येतो आणि मग पापुद्रे सुटतात. माझ्या जुन्या सॅकचं तेच झालं. ट्रेकहून आल्यावर सॅक उलटी करून, सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत पूर्ण वाळवायची आणि मगच माळ्यावर टाकायची.

पाण्यासाठी दोन लिटरचं ब्लॅडर (सॅकमध्ये ठेवायची नळीवाली पाण्याची पिशवी) आणि एक लिटरची बाटली अशी वाटणी ठरवलीय. पाठीवर पाणी आणि तोंडाशी नळी ही कल्पना मुळात सायकलवाल्याचीच. १९८९ मध्ये टेक्सासच्या उन्हातल्या शंभर मैलांच्या शर्यतीसाठी मायकल आयडसनने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीवर लावली, आणि त्यातून अशा पिशव्या बनवणारी कॅमलबॅक कंपनी उभी राहिली. ब्लॅडरमध्ये मी फक्त साधं पाणी भरते. लिंबू-साखर-मिठाचं पाणी बाटलीत, कारण नळीत साखर राहिली की बुरशी धरते.

निवडलेल्या सॅकचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या ४१ सेंटिमीटरला जी बसते ती तुमच्या ४८ ला बसणार नाही. पुढचं काम पावसाळ्याचं. रेनकव्हर सायकलवर वाऱ्याने फुगतं आणि पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पीळ देऊन दुमडायचं असं ठरवलंय. पहिल्या मोठ्या सरींत नसरापूर, मार्गासनी, गुंजवणे असा रस्ता धरेन आणि कोरडं काय राहिलं, भिजलं काय, ते पुढच्या नोंदीत लिहीन. कुणी रोल-टॉप सॅक, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची सॅक, पावसात वापरत असेल, तर तिच्या शिवणींतून पाणी झिरपतं का ते कळवा. घेण्याआधी मला तेवढंच विचारायचं आहे.